कट्टेवालीचा नवरा

माझ्या बायकोला हिंदी येत नाही, हे वाक्य मी दिल्लीत कितीतरी वर्षं मोठ्या समाधानानं म्हणत आलो. पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या लोकांना. म्हणताना थोडं हसायचो, म्हणजे ऐकणाऱ्याला कळावं की मला येतं. आणि खरंच येत होतं. दर सप्टेंबरात ऑफिसात हिंदी पखवाडा व्हायचा, त्यात बिगर-हिंदी भाषकांसाठी निबंधाची वेगळी स्पर्धा असायची, आणि तिचं पहिलं बक्षीस बहुतेक वेळा माझ्याकडे यायचं. भिंतीवरची घड्याळं आणि पोळ्यांचे गरम डबे आम्हाला कधी विकत आणावे लागले नाहीत. तमिळ आणि बंगाली सहकारी माझ्यावर जळायचे. मला ते आवडायचं. जळणं ही दुसऱ्यांनी करायची गोष्ट आहे, अशी माझी तेव्हा समजूत होती.

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात होतो तोवर तिचं हिंदीवाचून काही अडलं नाही. भाजीला, कापडाला ती चालत सरोजिनी नगरला जायची. बोटानं दाखवायची, 'कितना' म्हणायची, मान हलवून निघून जायला लागायची आणि माझ्यापेक्षा स्वस्तात घेऊन यायची. बाकीच्या जगाशी मी बोलायचो. गॅसवाला, शाळा, डॉक्टर, रेशन, सगळीकडे मी पुढे आणि ती माझ्या मागे अर्ध्या पावलावर. मधूनच हळू आवाजात मराठीत सांगायची, 'त्यांना विचारा ना, उद्या आलं तर चालेल का,' आणि मी तोच प्रश्न सुरेख हिंदीत विचारायचो. संसार असाच चालतो असं मला वाटायचं.

मग देशात सगळंच मोकळं झालं. बँका घरी येऊन कर्ज देऊ लागल्या. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्यांच्या दारात गाड्या उभ्या राहिल्या. ऑफिसातल्या काहीजणांनी मिळून यमुनेपलीकडे, उत्तर प्रदेशच्या हद्दीत, सोसायटी काढली होती. तिचे फ्लॅट एकदाचे तयार झाले आणि आम्ही क्वार्टर सोडून स्वतःच्या घरात आलो. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर होती. तिची सायकल तेवढी आमच्याबरोबर आली.

सेक्टर नवाकोरा होता. झाडं गुडघ्याएवढी, आणि फाटकासमोरचा रस्ता असा रुंद की पाहुणे आधी त्याच्याबद्दल बोलायचे आणि मग घराबद्दल. रस्त्याच्या पलीकडे बाजार, दूध, दिल्लीला जाणाऱ्या बसचा थांबा, आणि त्यामागे परदेशी पाठवायचे कपडे शिवणारे कारखाने. अलीकडे आम्ही. मध्ये दुभाजक. त्यात एके ठिकाणी लोकांनीच दगड हलवून फट केली होती, तेवढीच काय ती वाट. सिग्नल नाही, पट्टे नाहीत, पूल नाही. नकाशा काढणाऱ्यानं प्रत्येकाकडे गाडी असणारच असं धरलं असावं. सायकलीवरून कामाला येणारे कारखान्यांतले लोक त्याच्या नकाशात कुठेच नव्हते. शिवाय दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या, त्यामुळे बस कडेला येऊच शकत नव्हती. ती मधोमध थांबायची, आणि बायका ओढण्या सावरत रस्त्यात धावून ती पकडायच्या.

मला यातलं फारसं काही जाणवलं नाही. माझी चार्टर्ड बस सकाळी फाटकाशी यायची. संध्याकाळी पुढच्या चौकातून वळून पुन्हा फाटकाशीच सोडायची. खिडकीची ठरलेली सीट, रमीचा ठरलेला डाव. रस्ता होता तो तिच्या वाट्याला. सरोजिनी नगर एकटीनं पालथं घालणारी बाई आता भाजी आणायला माझ्या सुट्टीची वाट बघू लागली. रविवारी मी तिचा हात धरून तिला पलीकडे न्यायचो, आणि खरं सांगतो, मला ते बरं वाटायचं.

एका सकाळी आमच्या सोसायटीचा वॉचमन ड्यूटीवर येताना त्या फटीपाशी गाडीखाली सापडला. सायकलची पार घडी झाली. माणूस वाचला, पण एक पाय कायमचा अधू झाला. बायको तेव्हा अलीकडे उभी होती, पिशवी हातात घेऊन, पलीकडे जाऊ की नको करत. तिनं आणि आणखी दोघींनी त्याला उचलून कडेला आणलं. संध्याकाळी मी आलो तेव्हा तिनं चहा केलेला नव्हता. म्हणाली, "काहीतरी करा."

काही करण्याची माझी एक पद्धत होती. मी समिती स्थापन केली. सोसायटीचा सेक्रेटरी मीच होतो, तेव्हा संयोजकही मीच झालो. 'मार्ग सुरक्षा समिती' असं नाव ठेवलं आणि रविवारी सकाळी आमच्याच घरी बैठका सुरू केल्या. मी अर्ज लिहायचो. 'सविनय निवेदन है' पासून सुरुवात, मग पदयात्री, सुगम, अविलंब, जनहित. वाचून दाखवायचो तेव्हा उत्तर प्रदेशातले अस्सल हिंदीवालेही वाहवा करायचे. 'माँग' म्हणावं की 'अनुरोध', यावर एक अख्खी बैठक गेली. संबंधित ऑफिसात अर्ज पोचायचे, पोचल्याचा शिक्का मिळायचा, आणि त्यापुढे काही व्हायचं नाही. बायको कांदेपोहे करायची. पोह्यांबद्दल कुणाचं कधीच दुमत झालं नाही.

पोहे वाढून झाले की ती चपला घालून बाहेर पडायची. कुठे जाते ते मी विचारलं नाही. मग एके दिवशी चार्टर्ड बसमध्ये पत्ते लावता लावता शेजारचा म्हणाला, "यार, तुम्हारी मिसेस तो कमाल करती हैं." मी म्हटलं, काय कमाल? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला हातातली पानं दिसेनाशी झाली.

ती काय करत होती ते मला दुसरीच्या नवऱ्याकडून कळलं, हे मी आजही विसरलेलो नाही. ती त्या फटीपाशी उभी राहायची आणि कुणाला एकट्याला रस्त्यात उतरू द्यायची नाही. दूधवाला असो, शिलाईवाली असो, शाळेची मुलं असोत. थांबवून ठेवायची. घोळका मोठा झाला की सगळे एकदम निघायचे, दोन्ही बाजूंना सायकलवाले आणि मध्ये बायकामुलं. एकट्या माणसापुढे गाडी थांबत नाही, तिच्या मते. पण पुढ्यात भिंतीसारखी माणसं आली की थांबावंच लागतं. कारखाने सुटायच्या वेळी तर ती रोज तिथे असायची. दुपारी रिकामा वेळ मिळाला की मुलीच्या सायकलवर बसून सेक्टरच्या आतल्या गल्ल्यांतून चकरा मारायची आणि खालच्या मजल्यावरच्या पंजाबी बायकांनाही शिकवायची. हेही मला तिथेच, बसमध्ये कळलं.

घरी येऊन मी विचारलं, "त्यांच्याशी बोलतेस कोणत्या भाषेत?"

ती कणीक मळत होती. म्हणाली, "बोलावं कुठे लागतं? हात धरायचा."

रस्त्यात रोज गर्दी अडते म्हणून गाडीवाल्यांनी ठाण्यावर तक्रारी केल्या. ठाण्यानं त्या वर ढकलल्या, आणि शेवटी एका रविवारी रस्त्यांच्या खात्याचे इंजिनिअर साहेब स्वतः सेक्टरमध्ये यायचे ठरले. मी मात्र सगळ्यांना सांगितलं की हा माझ्या अर्जांचा परिणाम आहे. मैदानात शामियाना उभारला, खुर्च्यांना पांढरे कपडे घातले. समोर इंजिनिअर, शेजारी ठाणेदार, आणि माइकवर मी. आठवडाभर खपून मी भाषण तयार केलं होतं. नागरी जीवन, यातायात, शासन का दायित्व. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात शुद्ध हिंदी असावं. इंजिनिअरांनी पहिल्या पानाला मान डोलावली, दुसऱ्या पानाला समोसा उचलला आणि मग शेजारी काहीतरी विचारलं. बहुधा अजून किती वेळ आहे ते.

मी बसलो तशी मागून बायकांची कुजबुज सुरू झाली. "भाभीजी, आप बोलो, आप बोलो." त्यांनी तिला अक्षरशः ढकलत पुढे आणलं. ती माइकपासून लांबच उभी राहिली.

"साहब," ती म्हणाली, "औरतें खड़े-खड़े थक जाती हैं. बस का स्टॉप पे एक कट्टा चाहिए."

शामियान्यात सगळं एकदम थांबलं. मराठी वाचकाला सांगायला हवं. आपला कट्टा म्हणजे बसायचा ओटा, संध्याकाळी टेकायची जागा. उत्तर प्रदेशात कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल.

ठाणेदारांनी कप खाली ठेवला. "क्या चाहिए?"

"कट्टा. मजबूत वाला. एक नहीं, हर स्टॉप पे एक." लोक गप्प झालेले बघून तिला वाटलं की पटतंय, म्हणून ती आणखी खुलवून सांगू लागली. "हमारे पुणे में हर गली में कट्टा होता है. शाम को सब बूढ़े लोग कट्टे पे बैठते हैं."

"बैठते हैं?"

"हाँ. बैठके गप्पा मारते हैं."

त्यानंतर जे हसणं उसळलं ते मी त्या मुलखात पुन्हा कधी ऐकलं नाही. ठाणेदार रुमालानं डोळे पुसत होते. इंजिनिअरांच्या हातातला समोसा खाली पडला. कुणीतरी मागून विचारलं की लायसन्स सोसायटी काढून देणार की सरकार. ती मध्ये उभी, आधी गोंधळलेली, मग त्यांच्याबरोबर हसू लागलेली, आपण कशाला हसतोय हे माहीत नसताना. मी उठलो. माझी बायको चुकली होती आणि तिला सोडवायला मी होतो. माइक ओढून मी म्हणालो, "इनका तात्पर्य चबूतरे से है."

कुणी ऐकलं नाही. पुन्हा म्हणालो. तेव्हा ठाणेदारांनी हात वर केला, आणि अगदी प्रेमानं, हसू आवरत म्हणाले, "भाईसाहब, आप बैठिए. भाभीजी को बोलने दीजिए."

मी बसलो. तिला बोलू दिलं. पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा पार चिवडा करत ती बोलली, आणि इंजिनिअर खुर्चीत पुढे सरकून ऐकत राहिले. बस मधोमध का थांबते, कडेला फक्त बसची पट्टी ठेवली आणि गाड्या काढल्या तर काय होईल, सायकलवाले गाड्यांच्या मध्येच का घुसतात, त्यांना कडेची एक वेगळी पट्टी दिली तर ते कुणाच्या मध्ये येतील का. सगळं साधं, रोज बघितलेलं. मग म्हणाली, "चलो, दिखाती हूँ," आणि साहेबांचा हात धरून त्यांना त्या फटीकडे घेऊन गेली. साहेब तिच्यामागे गेले, ठाणेदार साहेबांमागे, आणि अख्खा शामियाना ठाणेदारांमागे. मी, माइकवाला आणि उरलेले समोसे तेवढे मागे राहिलो. परत आले तेव्हा इंजिनिअरांचा चेहरा उतरला होता. दुभाजकाशी एक गाडी त्यांच्या बाहीला घासून गेली होती.

त्या दिवसापासून ती कट्टेवाली भाभी झाली आणि मी कट्टेवाली भाभींचा मिस्टर.

मी जळत होतो. याला दुसरा शब्द मला ना मराठीत सापडला ना हिंदीत. परक्या माणसावर जळणं सोपं असतं, त्याचं तोंड बघावं लागत नाही. माझ्या ताटात पोळी तिच्याच हातची पडत होती. मी इंजिनिअरवर जळलो, ठाणेदारावर जळलो, तिला बघून सायकलची घंटी वाजवणाऱ्या प्रत्येकावर जळलो. भाजीवाला तिला मूठभर कोथिंबीर जास्त टाकायचा, त्या कोथिंबिरीवरसुद्धा जळलो. फोन वाजायचा. "भाभीजी हैं?" मी म्हणायचो, मी सोसायटीचा सेक्रेटरी बोलतोय. "अच्छा अच्छा, भाभीजी के हस्बैंड!" आणि मग त्यांच्या लक्षात यायचं की माझ्याशी काही काम नाही. गॅसच्या ऑफिसात गेलो तर तिला लोकांनी ओळीत पुढे बोलावलं, आणि मी मागे पिशवी धरून उभा. अर्ध्या पावलावर.

जेवताना मी तिचं हिंदी सुधारू लागलो. बस 'आता' नाही, 'आती' है. सड़क बड़ी, बड़ा नहीं. ती 'हो का' म्हणायची आणि आमटी वाढायची. दुसऱ्या दिवशी बस पुन्हा 'आता है'. इतकं चुकीचं बोलून इतकी माणसं जोडता येतात, हे पखवाड्यात मला कुणीच सांगितलं नव्हतं. आणि एक फार टोचायचं. ती मला काही विचारेनाशी झाली. भांडून नव्हे. तिला विचारायचं काही उरलंच नव्हतं.

मग इंजिनिअरांचा आराखडा आला. आमच्या कडेनं दगडी काठ घातलेली सायकलींची पट्टी. दोन्ही बाजूंना बसला थांबायला मोकळी ठेवलेली जागा. फटीच्या ठिकाणी सिग्नल आणि पांढरे पट्टे. थांब्यावर कट्टा, आराखड्यातही 'कट्टा' असंच लिहिलेलं, बहुधा कुणाच्या तरी खोडसाळपणानं. अडचण एकच होती. सायकलींची पट्टी जिथून जाणार होती त्या फाटकासमोरच्या जागेत आमच्या सभासदांच्या गाड्या लागायच्या, आणि ती जागा कागदोपत्री सोसायटीकडे होती. ती सोडत असल्याचं संमतिपत्र हवं होतं. त्यावर सही सेक्रेटरीची, म्हणजे माझी. सही झाली नाही तर मंजूर काम दुसऱ्या सेक्टरला जाणार होतं.

रविवारी सोसायटीचे अध्यक्ष आले. त्यांनी नुकतीच लांबलचक गाडी घेतली होती. बरोबर दोन सभासद आणि मिठाईचा डबा. माझ्या समितीचे लोक बसायचे त्याच सोफ्यावर बसले. "सेक्रेटरी साहब," ते म्हणाले, "फ़ैसला तो आपके हाथ में है." किती दिवसांत मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की भाभीजींचं मन सोन्यासारखं आहे, बिल्कुल, पण जरा प्रॅक्टिकल विचार करायला हवा. सायकलवाले काही आपल्या सेक्टरचे नाहीत. गाड्या मात्र आपल्या आहेत. मला विरोधही करावा लागणार नव्हता, भांडावंही लागणार नव्हतं. फक्त सही करायची राहू द्यायची होती. सरकारी माणसाला याहून सोपं काम कुणी सांगू शकत नाही.

ती चहा घेऊन आली, कप ठेवले, आणि दाराशी उभी राहून सगळं ऐकलं. शब्दन् शब्द कळत होता तिला. ते गेल्यावर मी वर्तमानपत्र उघडलं आणि वाट बघत बसलो. तिनं विचारावं, एवढंच मला हवं होतं. पूर्वीसारखं हळू आवाजात, 'त्यांना सांगा ना.' विचारलं असतं तर मी त्याच क्षणी पेन काढलं असतं.

"मी काही म्हणणार नाही," ती कप उचलत म्हणाली. "सही तुमची आहे." आणि चपला घालून निघून गेली.

कागद टेबलावर पडून राहिला. रोज संध्याकाळी मी तो बघायचो आणि तिच्याकडे बघायचो. ती दोन्हीकडे बघायची नाही.

मग एका संध्याकाळी मी चार्टर्ड बसमधून चौकातलं वळण यायच्या आधीच, पलीकडे उतरलो. सोबतच्यांना म्हटलं, काम आहे. काम असं होतं की मला तिला तिथे बघायचं होतं, ती मला बघत नसताना. कुणाशी हसते, काय बोलते, कोण तिच्या इतकं जवळ उभं राहतं. हिवाळा होता, धुरकट झालं होतं, मी माकडटोपी आणि मफलरमध्ये. कारखाने नुकतेच सुटले होते. सायकली, डबे, शाली गुंडाळलेल्या बायका, आणि पलीकडे, आमच्या बाजूला, हात वर करून उभी असलेली ती.

तिला नीट बघावं म्हणून मी घोळक्याच्या पुढे आलो. गाड्यांमध्ये थोडी फट दिसली, मी एक पाय रस्त्यात टाकला.

"ओ भाईसाहब!" तिचा आवाज रस्ता ओलांडून आला. "अकेले मत आना! रुको!"

एकही चूक नव्हती त्या वाक्यात. मी पाय मागे घेतला. जिथे पाय होता तिथून एक गाडी हॉर्न दाबत गेली. शेजारच्या सायकलवाल्यानं माझा दंड धरला. हँडलला डबा लटकवलेला, बिहारकडचा माणूस, डोक्यावर गमछा. म्हणाला, "सावकाश, अंकल, सावकाश."

मला वाटलं कान वाजले. विचारलं, काय म्हणालास?

"सावकाश," त्यानं मला समजावून सांगितलं. "भाभी सिखाई हैं. मतलब, अकेले नहीं. सबके साथ."

लग्न झाल्यापासून रोज सकाळी मी ऑफिसला निघालो की ती दारात येऊन म्हणायची, 'सावकाश या.' इतक्या वर्षांत हा शब्द आमच्या उंबऱ्याबाहेर कुणी ऐकला नव्हता. तो माझा होता. घड्याळं आणि गरम डबे सोडले तर खास माझं असं तेवढंच होतं, आणि तिनं ते भर रस्त्यात वाटून टाकलं होतं. वर त्याचा अर्थही चुकीचा लागला होता. मी सांगणार होतो की बाबा रे, सावकाश म्हणजे हळू, म्हणजे धीरे. तोंड उघडलंही. पण तेवढ्यात पलीकडून तिचा हात खाली आला आणि सगळा घोळका एकदम निघाला, मला मध्ये घेऊन. गाड्या कचकच थांबत गेल्या. माझ्या दोन्ही बाजूंना लोक एकमेकांना सांगत होते, बिहारी सुरात, हरियाणवी सुरात, पंजाबी सुरात. सावकाश, सावकाश.

पलीकडे ती एकेकाला कडेला घेत होती. माझ्या खांद्यालाही हात लावला आणि मग टोपीखालचं तोंड बघितलं.

"अगंबाई, तुम्ही! लांबून ओळखलंच नाही." आणि सहज, हसत म्हणाली, "तुम्ही कधी असता त्या बाजूला?"

मी म्हटलं, "सावकाश तू मला म्हणायचीस."

"अजूनही म्हणते की," ती म्हणाली, आणि पलीकडे पुन्हा लोक जमू लागले होते म्हणून तिकडे वळली.

घरी जाऊन मी बूटही न काढता सही केली. अध्यक्ष पुढे बरेच दिवस म्हणत राहिले की भाभीजींनी मनवलं. तिनं मला एका शब्दानं विचारलं नव्हतं, हे मी त्यांना कितीदा सांगितलं, पण कुणाला पटलं नाही. तिला सांगितलं तेव्हा ती 'बरं झालं' म्हणाली आणि दूध आणलंत का, असं विचारलं.

पट्टी झाली, कट्टा झाला, सिग्नल मात्र लागता लागता वर्ष गेलं. त्या वर्षभर मी बसमधून पलीकडेच उतरायचो. रमीवाल्यांना वाटलं, पाय मोकळे करतो. मी मुकाट घोळक्यात उभा राहायचो, तिचा हात खाली येईपर्यंत. मग तिची हाक यायची, सगळ्यांना मिळून एकच, 'सावकाश'. ओलांडताना मी रोज कान देऊन ऐकायचो, त्या हाकेत माझ्यासाठी थोडं जास्त काही आहे का.